परभणीचा संघ कोणता?

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि परभणीवर बोट ठेवा. आता आयपीएलमध्ये संघ असलेली शहरे एकेक करून शोधा आणि परभणीपासून त्यांचे सरळ रेषेतले अंतर मोजा. सगळ्यांत जवळ कोण? बहुतेक जण पट्टी न लावताच मुंबई म्हणतील. पण मुंबई बरीच दूर पडते. अहमदाबाद दूर, बंगळूर त्याहून दूर, चेन्नईचे तर नावच नको. पट्टी लावली की उत्तर येते हैदराबाद!

आणि हैदराबाद परभणीला फक्त अंतरानेच जवळचे आहे असे नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. पुढेही १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यातच राहिला. परभणी स्टेशनातून धावणारी रेल्वे दक्षिण मध्य रेल्वेची, आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला. जुन्या पिढीतल्या कितीतरी आजोबांची शाळा उर्दूतून झाली आणि मोठे शहर म्हटले की त्यांना पहिल्यांदा आठवायचे ते हैदराबादच.

मग आयपीएलच्या दिवसांत परभणीत, सेलूत, जिंतुरात, गंगाखेडात हैदराबादची नारिंगी जर्सी किती अंगांवर दिसते? मैदानावर संध्याकाळी जमलेली पोरे पाहा. मुंबईची निळी, चेन्नईची पिवळी, मधूनच बंगळूरची लाल. भूगोल एका दिशेला बोट दाखवतो, इतिहासही तिकडेच दाखवतो, आणि पोरे भलत्याच दिशेला तोंड करून ओरडत असतात!

हे घडते कसे? ज्याने अजून समुद्र पाहिलेला नाही त्याने मुंबईसाठी रात्र जागवावी, ज्याला तमिळचा एक शब्द कळत नाही त्याने चेन्नईसाठी जेवणाचे ताट बाजूला सारावे, ही निष्ठा येते कुठून? आणि ज्यांना आपण ‘जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो’ म्हणून हिणवतो, म्हणजे जो संघ जिंकेल त्याची जर्सी चढवणारे, ते खरेच बेइमान असतात का? गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नांचा माग काढणाऱ्यांना जे सापडले, ते ऐकून आपण स्वतःकडेच नव्याने पाहू लागतो.

पण आधी एक विलक्षण गोष्ट. क्रिकेटच्या नकाशावर आपल्या राज्याचे तीन तुकडे आहेत, हे ठाऊक आहे ना? मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा आणि उरलेला सगळा मुलूख ‘महाराष्ट्र’ या नावाने खेळतो. क्रिकेट संघटना जुन्या, राज्य नवे. १९६० मध्ये राज्य एक झाले, मैदाने तीनच राहिली. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा. परभणीचा पोरगा ज्या संघात निवडला जाऊ शकतो तो ‘महाराष्ट्र’ मात्र शेवटचा जिंकला १९४०-४१ मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्याच्या आदल्या वर्षीही तेच जिंकले होते.

आता गंमत पाहा. देवधरांचा महाराष्ट्र जिंकत होता तेव्हा परभणी महाराष्ट्रात नव्हतीच. त्या काळी राज्य पाहून संघ ठरवायचा म्हटले असते तर परभणीचा संघ होता हैदराबाद, आणि हैदराबादनेही १९३७-३८ मध्ये अंतिम सामन्यात नवानगरला अवघा एक गडी राखून हरवून रणजी पटकावली होती. गोदावरी जागची हलली नाही, गावे हलली नाहीत, माणसे हलली नाहीत. बदलली ती फक्त कागदावरची रेष, आणि ‘आपला संघ’ दुसराच झाला!

परभणी स्वतंत्र भारतात येऊन सहा महिने होत होते तेव्हा, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७. मुंबईने दुसऱ्या डावात पुन्हा ८ बाद ७१४! समोर हजाराच्या जवळपास धावांचा डोंगर, जिंकण्याची आशा शून्य. तरी महाराष्ट्राने चौथ्या डावात ६०४ धावा केल्या. सामन्यात एकूण २३७६ धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या साऱ्या इतिहासात एका सामन्यात इतक्या धावा कुठेच झालेल्या नव्हत्या. ३५४ धावांनी हरलेल्या माणसांनी चौथ्या डावात सहाशे धावा का कराव्यात? समोर मुंबई होती म्हणून, एवढेच उत्तर मला सुचते. शेजाऱ्याशी असलेली स्पर्धा माणसाकडून काय काय करून घेते!

आणि या शेजाऱ्यांची सर्वांत थरारक लढत झाली कुठे? २१ मे २०१७, आयपीएलचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध पुणे, आणि मैदान हैदराबादचे. ज्या तीन शहरांनी परभणीला आळीपाळीने आपापल्या बाजूला ओढले, ती तिन्ही त्या रात्री एका मैदानात आली होती. त्या हंगामात पुण्याने मुंबईला तीनदा हरवले होते. मुंबईने जेमतेम १२९ धावा केल्या. शेवटच्या षटकात पुण्याला हव्या होत्या ११, शेवटच्या चेंडूवर चार. दोन धावा पळून झाल्या, तिसरीसाठी धावताना फलंदाज धावबाद झाला आणि मुंबई एका धावेने जिंकली. त्यानंतर पुण्याचा तो संघच उरला नाही. तो होताच दोन हंगामांपुरता. ज्यांनी त्या रात्री पुण्यासाठी उशी भिजवली, त्यांनी पुढच्या वर्षी काय करायचे होते? पुण्याकडून खेळणारा धोनी चेन्नईला परत गेला, आणि त्याच्या मागोमाग कितीतरी मने गेली.

आता मुळाशी जाऊ. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी फळी पडायला किमान काय लागते? रक्ताचे नाते? भाषा? गाव? ब्रिटनमधल्या ब्रिस्टलचे मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास हे शोधायचे ठरवले. त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके दाखवले आणि ठिपके किती असतील याचा अंदाज करायला सांगितले. मग मुलांना सांगितले की अंदाजावरून तुमचे दोन गट पाडले आहेत. खरे तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. आपल्या गटात दुसरे कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हते. बोलणे नाही, भेट नाही, भांडण तर नाहीच. मग प्रत्येकाला दोन अनोळखी मुलांत पैसे वाटायला दिले. त्यांची नावे नाहीत, फक्त गट कळे.

काय झाले असेल? मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली! एवढ्यावरच थांबले नाही. पुढच्या प्रयोगात असेही दिसले की आपल्या गटाला जास्त पैसे मिळण्यापेक्षा त्यांना दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळणे मोलाचे वाटले. दोघांनाही भरपूर मिळेल असा पर्याय समोर असताना कितीतरी मुलांनी असा पर्याय निवडला की ज्यात स्वतःच्या गटाला थोडे कमी मिळेल, पण समोरच्याला त्याहून बरेच कमी! आपण हरलो तरी चालेल, पण ‘ते’ फायनलला जाता कामा नयेत, असे म्हणणारा मित्र तुमच्या गटात आहे ना? त्याचे मन ताजफेल यांनी या प्रयोगांतून उघडे केले होते.

म्हणजे माणसाला फळी पडायला नुसते ठिपकेही पुरतात. मग निळा-पिवळा रंग, शिट्टीचा आवाज, आवडता खेळाडू आणि ओट्यावर शेजारी बसलेला दोस्त, एवढे सगळे असताना काय सांगावे? परभणीला तर आपलेपणाची मुळातच मोठी हौस. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे छातीठोकपणे सांगणारा जिल्हा आहे हा! पण त्याच्या नावाचा संघ आयपीएलमध्ये नाही. मुंबईच्या पोराला जन्मतः मुंबई मिळते, चेन्नईच्या पोराला चेन्नई. परभणीच्या पोराला मात्र निवड करावी लागते. म्हणूनच चाहता कसा घडतो हे पाहायचे असेल तर मुंबई-चेन्नईपेक्षा परभणीत जास्त स्वच्छ दिसते.

आता उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्यांकडे वळू. अमेरिकेतले रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी फुटबॉलचे संघ असलेल्या सात विद्यापीठांत त्यांनी दर सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून आले ते मोजले. शनिवारी संघ जिंकला असला की सोमवारी ते शर्ट जास्त दिसत. घाम गाळला कोणी, मिरवले कोणी!

पण खरा नवलाचा भाग पुढे आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना फोन केले. आधी माहितीचे काही प्रश्न विचारले, मग निम्म्यांना सांगितले की तुमची उत्तरे छान आली, निम्म्यांना सांगितले की फारच वाईट आली. हे निकाल बनावट होते. त्यानंतर सहज विचारले, ‘बरं, परवाच्या मॅचचं काय झालं?’ ज्यांचा नुकताच पाणउतारा झाला होता, ते विजयाबद्दल बोलताना ‘आम्ही जिंकलो’ म्हणाले. ज्यांना पराभवाबद्दल विचारले ती मंडळी ‘ते हरले’ म्हणून मोकळी झाली! ज्यांची उत्तरे छान आल्याचे सांगितले होते, त्यांच्यात असा फरक जवळजवळ दिसलाच नाही.

थोडे थांबून याचा अर्थ पाहा. मनाला ठेच लागली की माणूस विजेत्याचा हात धरतो. पाऊस दगा देतो, भाव पडतो, भरतीची यादी लागते आणि तिच्यात आपले नाव नसते. त्या संध्याकाळी कुठेतरी ‘आपण’ जिंकलेले असणे, याची किंमत कोणी कमी लेखू नये. घुगऱ्यांसाठी उदो उदो करणारा माणूस अनेकदा त्या दिवशी खरोखर उपाशी असतो.

आणि हे सगळे मनाचे खेळ आहेत असे समजू नका. शरीरही त्यात सामील असते. १७ जुलै १९९४ रोजी कॅलिफोर्नियात फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ब्राझील विरुद्ध इटली, निकाल पेनल्टीवर, ब्राझील विजयी. तिथून दूर टीव्हीसमोर बसलेल्या दोन्ही बाजूंच्या पुरुष चाहत्यांची लाळ संशोधकांनी सामन्याआधी आणि नंतर तपासली. ब्राझीलवाल्यांचे टेस्टोस्टेरॉन सुमारे पाव भागाने वाढले होते. इटलीवाल्यांचे तेवढेच घसरले होते! यांनी चेंडूला पाय लावला नव्हता. खुर्चीत बसले होते. तरी शरीराने निकाल स्वतःच्या नावावर लिहून घेतला. आता कोणी ‘तुला काय मिळतं रे त्यातून?’ असे विचारले तर उत्तर रक्तात आहे.

तरीही एक कोडे उरतेच. विजयामागे धावणे एवढेच खरे असते तर दर वर्षी सगळ्यांनी संघ बदलले असते. ते तर होत नाही. बंगळूरचा संघ २००८ पासून खेळत होता आणि ३ जून २०२५ पर्यंत त्याने आयपीएल एकदाही जिंकली नव्हती. सतरा हंगाम रिकामे! या सतरा वर्षांत लाल जर्सीवाले कमी झाले का? उलट वाढले. आणि एप्रिल २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंज्याला हलवावे लागले, तेव्हा चेन्नईहून ‘व्हिसल पोडू एक्स्प्रेस’ नावाची खास रेल्वे भरून सुमारे हजार चाहते पुण्याला आले. हजाराहून जास्त किलोमीटर, एका सामन्यासाठी. इथे कुठल्या घुगऱ्या होत्या?

या कोड्याची किल्ली मिळते ती वयात. अमेरिकेतले सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये फेसबुकवरच्या बेसबॉल चाहत्यांची जन्मवर्षे आणि संघांनी अजिंक्यपदे जिंकल्याची वर्षे एकमेकांशी लावून पाहिली. न्यूयॉर्कचा मेट्स हा संघ १९६९ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये जिंकला होता. आणि चाहत्यांमध्ये कोण उठून दिसले? त्या दोन वर्षी ज्यांचे वय सात-आठ होते ते पुरुष! दुसऱ्या संघांचेही असेच निघाले. मुलगा साधारण आठ वर्षांचा असताना जो संघ जिंकतो, त्याचा तो चाळिशी-पन्नाशीतही चाहता असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तोच विजय विशीत पाहिला तर एवढा परिणाम होत नाही. जमिनीला वाफसा येतो तो मोजके दिवस, तेव्हा पेरले ते रुजते. मनाचेही तसेच दिसते.

हे हातात घेऊन परभणीकडे परत पाहा. चेन्नई जिंकली २०१० आणि २०११ मध्ये. तेव्हा जी पोरे आठ वर्षांची होती ती पिवळी झाली. मुंबई जिंकली २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२० मध्ये. त्या काळातल्या आठ वर्षांच्यांना निळ्याशिवाय दुसरे काय दिसणार? हैदराबादचे संघ जिंकले दोनदा, २००९ मध्ये डेक्कन चार्जर्स आणि २०१६ मध्ये सनरायझर्स, पण मधेच संघाचे नाव बदलले, मालक बदलले, रंग बदलला. परभणीच्या दारापर्यंत येऊनही हैदराबाद आत शिरले नाही, याचे मला पटणारे कारण हेच आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: निष्ठावान चाहता आणि संधिसाधू चाहता या दोन जाती नाहीतच. प्रत्येक कडवा निष्ठावान हा आठव्या वर्षी विजेत्याच्या गाडीत चढलेला असतो. तो उतरला नाही, इतकेच. वडीलधारे ज्याला ‘आज इकडे, उद्या तिकडे’ म्हणून टोचतात, तो फार तर वय उलटल्यावर गाडीत चढला, एवढाच त्याचा दोष.

आणि फळ्या बदलतातही किती झपाट्याने! २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार झाला, तेव्हा वानखेडेवर मुंबईच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. जूनच्या २९ तारखेला भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला, शेवटचे षटक हार्दिकने टाकले. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन यांनी हेच प्रयोगाने दाखवले होते. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक जण पडून लंगडू लागायचा. अंगात मँचेस्टरचा शर्ट असेल तर लोक मदतीला धावत. लिव्हरपूलचा असेल तर क्वचितच. पण अशाच चाहत्यांना आधी ‘फुटबॉलप्रेमी’ म्हणून बोलते केले की ते लिव्हरपूलवाल्यालाही उचलायला धावू लागले! ‘आपण’ची वेस किती लांब न्यायची ते आधी काय बोलले जाते यावर ठरते.

मराठवाड्यात ही वेस सरकू लागली आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२३ मध्ये चेन्नईकडून आयपीएल खेळला, तेव्हा पिवळ्या रंगाला आपल्या मातीचा वास आला. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून भारताला बुडता बुडता बाहेर काढले. आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तीत मराठवाड्याच्या राजधानीचे नाव लावलेला संघ उतरला: छत्रपती संभाजी किंग्ज.

परभणीचा संघ कोणता, याचे उत्तर त्यामुळे अजून ठरलेले नाही. ते ठरवणारी मंडळी सध्या दुसरी-तिसरीत शिकत आहेत. तुमच्या घरात असे सात-आठ वर्षांचे पोर असेल तर त्याला यंदा एकटे टीव्हीसमोर बसवू नका. जवळ बसा, सामना समजावून सांगा, आणि जमेल तेव्हा गावच्या मैदानावरचा, तालुक्याचा, जमलेच तर महाराष्ट्राच्या संघाचा सामना प्रत्यक्ष दाखवा. आज त्याच्यासमोर जो जिंकेल, त्याच्यासाठी ते पन्नाशीतही रात्र जागवणार आहे.